सखूबाईचे शेवटचे वाक्य

मंगळ., १०
यंत्र पास. राज्याच्या तपासणी कक्षातून साहेबांच्या पी.ए.नी दुपारी फोनवर खात्री दिली. आरोग्य केंद्रात फोनवर सल्ला देणारे हे एआय. सुरू करण्याआधी गावच्या माणसांच्या खऱ्या प्रश्नांवर चाचणी घ्यायची, असा शासनाचा नियम. प्रश्न कन्हानच्या आशा सेविका वनमालाने रेकॉर्ड केले, कागदावर मी उतरवले. ‘मूळ बोलण्याप्रमाणे’ या शब्दांखाली सही माझी. घरी हिने शिरा केला.

बुध., ११
वनमालाचा फोन. “भाऊ, कागद वाचला तुमचा. आमच्या बाया अशा कधी बोलतात गा?”
म्हटले, जरा आटोपशीर केले.
“सखूबाईले दोन ओळीत आटोपलं? तिले नुसतं हो म्हणायले दहा मिनिटं लागते.”
हसलो. ती नाही हसली.

गुरु., १२
रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले. सखूबाई आधी गुडघा सांगते, मग जावई, मग म्हैस. उठता उठता: “अन् सकाळपासून छातीवर दगड ठेवल्यावानी वाटून राहिलं. घाम येते.”
माझ्या कागदावर पहिलेच वाक्य: छातीत दुखते, घाम येतो.
महत्त्वाचे आधी. वर्तमानपत्राच्या डेस्कवर जन्मभर हेच केले. सगळे प्रश्न तसेच. म्हणजे यंत्राने ओळखायचे ते मीच ओळखून...

शुक्र., १३
कन्हान. मूळ रेकॉर्डिंग यंत्राला ऐकवले. उत्तर: गुडघा शेका, जिने टाळा. छातीबद्दल अक्षर नाही. सखूबाई शेजारीच बसली होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी वनमालाने तिला तडक दवाखान्यात नेले, म्हणून.
“मशीनले काहून बोल लावता? घरचेही गुडघ्यापर्यंतच ऐकतात,” सखूबाई म्हणाली.
वनमालाने चहा दिला. माझ्याकडे न बघता.

शनि., १४
कक्षाला पत्र. पहिला मसुदा: ‘काही प्रश्नांच्या संपादनात...’ काही कसले? फाडला. दुसऱ्यात माझी चूक चौथ्या परिच्छेदात, नियमाचे महत्त्व आणि माझा अनुभव यांच्या मागे. लाज वाटली. तिसरा: ‘प्रश्न मी बदलले. सही खोटी आहे. सेवा थांबवावी.’ ईमेल केला, पी.ए.नासुद्धा फोन केला.
“साहेब सोमवारी बघतील. एवढं काय अर्जंट आहे?”
सांगितले. बहुधा लांबण लागली. मध्येच म्हणाले, हो हो, ठेवतो.

रवि., १५
उत्तर नाही. सेवा उद्या दहाला सुरू होणार. साहेब अकराला येतात. तो तासभर वनमाला केंद्रातल्या फोनपाशी बसणार आहे, येणाऱ्यांचे शेवटपर्यंत ऐकायला. मला ये म्हणाली नाही. सकाळच्या बसने जाईन.