गेल्या पाडव्याचे आधी वाचायचे

गुरुजी, तुम्ही गेलात त्या वर्षापासून पाडव्याला पंचवटीतल्या मंदिराच्या सभामंडपात तुमच्या पाटावर मी बसतो. कडुनिंब आणि गूळ वाटून झाला की नव्या संवत्सराचे फल वाचायचे आणि पाऊसपाणी सांगायचे, हे सगळीकडेच होते. त्याआधी तुम्ही जे करीत होता ते मात्र मी अन्यत्र कुठे पाहिले नाही. तुम्ही आधी गेल्या पाडव्याला सांगितलेले फल काढत होता. मग अंगणातल्या तांब्याच्या पात्रात प्रत्येक नक्षत्राला प्रत्यक्ष किती अंगुळे पाणी साठले ते वहीतून वाचत होता, आणि जिथे मेळ बसला नसेल तिथे थांबून "हे चुकले" एवढेच दोन शब्द सर्वांना ऐकू जातील असे म्हणत होता. लोक हसत. मागून कोणी नक्षत्राच्या वाहनावरून "मृगाला हत्तीवर बसवलात, आला उंदरावर" म्हटले तरी तुम्ही मान डोलावून पुढचे नक्षत्र घेत होता.

मला आठवतो तो आश्लेषांतला दिवस. मी विशीत आहे. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला अभिषेकाला गेलो आणि दोन दिवस तिथेच अडकलो. परत आल्यावर पात्र रिकामे करून मी वहीत तीन अंगुळे लिहून टाकली. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वही चाळता आहात, आत चुलीवर भात रटरटतो आहे.

"हे कोणी मोजले?"

"मोजले नाही. अंदाजाने लिहिले."

"मग पाण्याच्या रकान्यात अंदाज कशाला?"

"दोन दिवसांनी असा किती फरक पडणार?"

"पावसाला नाही पडणार. तुला पडेल," तुम्ही म्हणालात, आणि ती तीन अंगुळे माझ्याच हाताने खोडायला लावलीत. खोडलेल्या आकड्याशेजारची जागा अजून कोरी आहे.

तुम्ही गेलात ते नव्वदच्या दशकाच्या आरंभी. त्यानंतर जे आले ते पाहायला तुम्ही राहिला नाहीत हे एका परीने बरे झाले. दिल्लीत सरकारे येऊन पडत होती, आणि कोणाचे सरकार किती दिवस टिकेल हे सांगणारे विद्वान रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर बसू लागले. त्यांचे काल सांगितलेले आज खोटे ठरे, तरी आज ते त्याच खुर्चीवर, त्याच आवाजात उद्याचे सांगत. "हे चुकले" म्हणताना त्यांच्यातला एकही मी ऐकला नाही. आपण कलियुगाचे नाव काढले की हेच लोक आपल्याला मागासलेले म्हणत. पुढे त्यांना त्यांचा स्वतःचा प्रलय सापडला. पृथ्वी तापते आहे, समुद्र चढणार आहे, पाऊस फिरणार आहे. या प्रलयातले पाप सर्वांचे, पण प्रायश्चित्त नेहमी दुसऱ्याने घ्यायचे. विमानाने परिषदेला जाणारा खेड्यातल्या बाईला चुलीच्या धुराबद्दल उपदेश करतो, आणि हे कोणाला विपरीत वाटत नाही. आपल्याकडचे एक पुढारी विरोधात होते तेव्हा पाणीटंचाईचा दोष सरकारला देत. सत्तेत आल्यावर तीच टंचाई त्यांनी जगाच्या तापमानाच्या माथी मारली. नाले बुजवून इमारती उभ्या करायच्या आणि पाणी तुंबले की आकाशाकडे बोट दाखवायचे, ही नवी राजनीती आहे. पृथ्वीची उष्णता वाढते की नाही ते मोजणारे मोजोत. माझा विश्वास उडाला आहे तो मोजण्यावरचा नव्हे, तर चूक कधीही न वाचणाऱ्या तोंडांवरचा.

गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीतून एक मुलगी माझ्याकडे आली. चुणचुणीत होती, नमस्कार करून खाली बसली. "आजोबा, तुमच्याकडे पन्नास वर्षांचा पाऊस आहे म्हणे," ती म्हणाली. मला आनंद झाला, खोटे का बोलू? मी तुमच्या हातची पाने तिला दाखवली, माझी दाखवली. वाईट वर्षे दाखवली, चांगलीही दाखवली. पाऊस पूर्वीही असाच लहरी होता हे समजावून सांगितले. तिने सगळे लिहून घेतले. चार दिवसांनी छापून आली ती फक्त तीन कोरडी वर्षे, आणि वर माझा फोटो. मथळा असा की गोदागंगेवरचा पाऊस आटल्याची कबुली मीच दिली आहे.

मी कचेरीत गेलो. संपादकांनी चहा मागवला.

"उरलेली वर्षे कुठे गेली?" मी विचारले.

"शास्त्रीबुवा, 'पाऊस नेहमीसारखाच' ही काय बातमी झाली का?"

"खरी तर झाली असती."

"खरी झाली असती, पण वाचली कोणी असती?" ते म्हणाले, आणि बशी माझ्याकडे सरकवली. खुलासा आला तो आतल्या पानावर, शिकवण्यांच्या जाहिरातींखाली.

त्याच वर्षी भाद्रपदात गंगेला पूर आला. पाणी घाटावरच्या उंच दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागले. उन्हाळ्यात आटलेल्या पावसाला जे कारण त्या वृत्तपत्राने दिले होते तेच कारण त्याने या पुराला दिले, आणि हा एक रोग दोन उलट लक्षणे कशी दाखवतो हे विचारायला कोणी गेले नाही. पण गुरुजी, पूर आला तो पूर्वा नक्षत्रात, आणि पाडव्याला मी पूर्वा नक्षत्राचे वाहन गाढव सांगितले होते. पाऊस तुटपुंजा, सरी तुरळक, असे शब्द माझे होते.

घाटाच्या पायऱ्यांशी पूजेचे सामान विकणारी एक बाई आहे. दरवर्षी पाडव्याला ती पुढच्या रांगेत बसून ऐकते आणि पावसाळ्यात मांडणी खाली ठेवायची की वर न्यायची ते त्यावरून ठरवते. पूर ओसरल्यावर मी घाटावर गेलो तेव्हा ती गाळातून समया धुऊन काढत होती.

"शास्त्रीबाबा, तुमचं गाढव लय पोहलं की," ती म्हणाली.

मी विचारले, "फार गेले का?"

"व्हतं ते गेलं. तुम्ही काय गंगेला धरून ठिवनार व्हते? पाडव्याला वाचसाल तवा म्हना चुकलं म्हनून. माझी सून म्हनते, म्हतारीला समजत नाय, उगा कोनाचं पन ऐकते. तिला घिऊन येते."

पाडव्याला ती सुनेला घेऊन आली. तीच पत्रकार मुलगीही आली. आता ती एका वाहिनीत होती, बरोबर कॅमेरा होता. वाचन सुरू होण्याआधी ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी स्वतःच्या चुका वाचता ना? तेवढंच आम्हाला हवंय. पुराचं." माझ्या डोळ्यांसमोर तो मथळा उभा राहिला. माझे दोन शब्द कापून ते कशाला जोडतील ते मला दिसत होते. मी वही मिटली आणि नव्या संवत्सराला सुरुवात केली.

"शास्त्रीबाबा," पुढच्या रांगेतून आवाज आला, "मागलं ऱ्हायलं."

"आज वेळ कमी आहे," मी म्हणालो.

सून सासूकडे पाहून हसली. तो हसण्याचा प्रकार तुमच्या वेळचा नव्हता. मृगापर्यंत मी पोहोचलो तेव्हा त्या दोघींची जागा रिकामी होती.

त्या दिवसानंतर मी स्वतःला पुष्कळ समजावले. ज्यांनी माझ्या वहीतली तीन वर्षे उचलली त्यांच्या हाती आणखी एक चूक का द्यावी? शत्रूच्या हाती शस्त्र देऊ नये असे शास्त्रही सांगते. पण तुम्ही असता तर समोर कॅमेरा असताना अधिक मोठ्याने "हे चुकले" म्हणाला असता, आणि त्यांनी त्याचे काय करायचे ते त्यांच्यावर सोडले असते. माझे त्यांच्याविषयीचे म्हणणे त्याने खोटे ठरले नसते. उलट मी त्यांच्यासारखा नाही याचा तेवढा एकच पुरावा माझ्याजवळ होता.

हे पत्र कोणाच्या हाती द्यायचे नाही. तुम्ही आता या जगात नाही, आणि ज्या बाईला ते ऐकण्याचा अधिकार आहे तिच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य मला नाही. स्नानाला मी हल्ली पलीकडच्या, लांबच्या पायऱ्यांनी उतरतो. जवळच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखतात, असे मी घरी सांगितले आहे. गुडघे दुखत नाहीत.