फोटोतली गाठ

अविराज भावजी,

नमस्कार लिहावासा वाटत न्हाय. रविवारी पुण्याहनं पिंपळीला आलात, लिंबाच्या झाडाला पायानं बांधलेल्या छकुलीचा फोटो काढलात आन् भावकीच्या ग्रुपवर टाकलात: 'आई की वैरीण?' वर दोनदा चहा मागितलात.

दोन वर्षांची पोर ती. तुमचे दादा कारखान्यात, मी भेंडीच्या तोड्याला आन् वीस पावलांवर शेततळं. त्याच्या प्लॅस्टिकवरनं घसरलेलं लेकरू वर येत न्हाय. म्हणून साडीच्या पट्टीनं बांधलं. आदल्या दिवशी ती रडायची थांबंना, तवा मी तिला मारलंबी. ते तुमाला कळलं न्हाय, न्हायतर आणखी एक फोटो मिळाला असता.

शेजारच्या छबूबाईंच्या कानावर तुमच्या फोटोचं गेलं. सोमवारी सकाळी पोरीला बांधून मी तोड्याला निघाले, तवाच त्या दारात आल्या. "आधी चार घास खा," म्हणाल्या, "तोडा होईस्तवर पोर माझ्यापाशी राहू दे." गाठ त्यांनीच सोडली. तवापासनं माझा हात उठला न्हाय.

हे पत्र पाठवणार न्हाय. तुमी याचाबी फोटो काढाल. त्या फोटोत पोरीचा बांधलेला पाय सगळ्या भावकीला दिसला. तुमचे दोन मोकळे हात तेवढे कुणाला दिसले न्हाईत.

तुमची वहिनी,
निकिता