कोठीचं दार

प्रिय चिमे,

तुझ्या लेकीचा फोन आला होता. महिन्याभरात ती बाळंत होणार, नवरा कामासाठी लांब, आणि आईचं म्हणणं काय, तर मी येणार नाही, बाई ठेव. रडवेली झाली होती. म्हणाली, मावशी, आई माझ्या बाळाला हातसुद्धा लावणार नाही म्हणते, मी तिचं काय बिघडवलंय? मी तिला म्हटलं, थांब, मी लिहिते तिला. फोनवर तू विषय बदलतेस, मी चिडते, आणि मग दोघी हवेबद्दल बोलत बसतो. म्हणून हे पत्र. बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. पत्र अर्धं वाचून उशाखाली ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

आधी घरची बातमी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालंय. आपल्या घराचं रंगकाम काढलं आहे. रंगारी दोन आठवडे ‘उद्या नक्की’ म्हणत होता. तिसऱ्या आठवड्यात त्याला म्हटलं, तुमचा उद्या तुम्हालाच लखलाभ, आणि बाजारात जाऊन घासायचं मशीन घेऊन आले. दोन रुळांवर पॉलिश पेपरचा बंद पट्टा फिरतो, तसलं. दुकानदार म्हणाला, बाई, हे पुरुषांच्या हातूनही सुटतं. मी म्हटलं, सुटत असेल, तुम्ही पट्टे दाखवा. मग मात्र त्याने नीट शिकवलं. चाळीस नंबरचा पट्टा जुना रंग उचलायला, ऐंशी त्याचे ओरखडे काढायला, एकशेवीस हाताला मऊ लागेपर्यंत. लाकडाला तांबूस पट्टा, लोखंडाला निळा, ओट्याच्या दगडाला काळा, तोही हलक्या हाताने. पट्ट्याच्या पाठीवर बाण असतो, तो मशीनच्या बाणाशी जुळला नाही तर जोड उकलतो. मशीन एका जागी थांबवलं की खड्डा पडलाच. पट्ट्यात रंग भरला तर फिरत्या पट्ट्यावर जुन्या रबरी चपलेचा तळ धरायचा, सगळी घाण निघून येते. ही शेवटची युक्ती मला फार आवडली. आईलाही आवडली असती.

जेवणाचं टेबल झालं, कपाटं झाली, ओट्याची कड झाली. मग खिडक्यांचे गज घासायला घेतले. गंज बराच होता आणि निळा पट्टा एकच आणला होता. तो संपल्यावर उरलेले गज मी लाकडाच्या तांबूस पट्ट्याने उरकले. त्यानंतरही त्या पट्ट्याला धार होती. धार असलेली वस्तू टाकायची नाही, हे तुझ्यामाझ्या हाडात आहे. तोच पट्टा मी पुढच्या कामाला वापरला. पुढचं काम म्हणजे कोठीचं दार.

ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. का, ते तुला सांगायला नको. आपला धाकटा भाऊ बाळ्या त्या दारामागे गुदमरून गेला. पाच वर्षांचा, दम्याचा, बिनखिडकीच्या धुळीच्या खोलीत, बाहेरून कडी. घरात आपण तिघंच होतो. तू सात वर्षांची, मी दहाची. कडी तू लावलीस आणि खेळाच्या नादात विसरलीस, असं सगळे म्हणाले आणि तूही म्हणालीस. तेव्हापासून तुझ्या घरातल्या एकाही दाराला कडी नाही, न्हाणीघराला पडदा आहे, आणि स्वतःच्या लेकीलासुद्धा कुणीतरी समोर असल्याशिवाय तू मांडीवर घेतलं नाहीस. मी सगळं बघत होते, चिमे.

दाराची आतली बाजू आधी घेतली. दुपारचे दोन, ऊन थेट पॅसेजपर्यंत आलेलं. चाळीस नंबरखाली रंगाचे थर निघायला लागले: पिवळट, राखाडी, हिरवा, पुन्हा राखाडी. नऊ मोजले. घरातल्या बाकी दारांवर तीनच निघाले होते. मला आठवलं, बाबा दर वर्षी हे एकच दार रंगवायचे, तेही फक्त आतून. आई म्हणायची, अहो, बंद खोलीचं दार कोण बघतंय? ते ब्रश धूत बसायचे.

एकशेवीसपर्यंत घासून झाल्यावर लाकूड ओल्या फडक्याने पुसायचं असतं. बसलेले तंतू उभे राहतात, मग शेवटचा हात. मी पुसलं, चहा करून आले, आणि पाहिलं तर दारावर काळसर ठिपके. गुडघ्याच्या जरा वर पाच ठिपके आणि खाली एक मोठा डाग. लहान हाताचा पंजा. त्याच्याखाली आणखी एक. त्याच्याखाली तिसरा, जवळजवळ उंबरठ्याशी, बोटं खाली ओढल्यासारखी.

मी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई आहे, मला चक्कर येत नाही. कारण लगेच कळलं. गजांचा लोखंडी चुरा पट्ट्यात बसला होता, पट्ट्यातून लाकडात गेला, आणि जुन्या लाकडाच्या अर्कात लोखंड आणि पाणी मिसळलं की काळं होतं. पूर्वी शाई अशीच करत. चूक माझी, पट्टा फेकायला हवा होता. लाकडाचा काळेपणा घालवायचं आम्ल आणलं, लावलं, डाग गेले. स्वच्छ पाण्याने पुसलं, वाळवलं. डाग परत आले. तीनच होते, ते पाच झाले. पण वरून खाली, तसेच.

आणि आवाज. मशीनचं बटण सोडल्यावर पट्टा दोनतीन सेकंद फिरत राहतो, हे खरं. पण मी प्लग काढून वायर गुंडाळली होती आणि खरवडणं चालू होतं. मंद. थांबून, पुन्हा. मी दार सताड उघडलं. आत रिकामी फळी आणि धूळ. ओलं लाकूड वाळताना कुरकुरतं, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. शेजारीण तेव्हा दारात आली होती. म्हणाली, ताई, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, सुताराशी. ती आत डोकावली आणि चहा न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी बाहेरची बाजू घेतली. या वेळी हलगर्जीपणा नाही. दुकानातून नवे पट्टे आणले, पाकीट दारासमोरच फोडलं. जुना पट्टा कचऱ्यात, मशीनचा रूळसुद्धा पुसून घेतला. चाळीस, ऐंशी, एकशेवीस. ओलं फडकं. मी तिथेच स्टूल टाकून बसले आणि बघत राहिले. दहा मिनिटांत पितळी कडीच्या शेजारी एक पंजा उमटला. एकच. पाच वर्षांच्या मुलाचा नाही, मोठा. उजवा हात, दारावर दाबून धरलेला. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. आपल्या घरात तशी करंगळी एकीचीच आहे, झोपाळ्यात सापडून मोडली तेव्हापासून. मी माझा हात त्याच्याशेजारी धरला. माझा आता मोठा झालाय, एवढाच फरक. तिथे लोखंडाचा कण नव्हता, चिमे. माझ्याकडे दुसरं कारण नाही. बाबांनी आतलेच हात पाहिले आणि पुन्हा पुन्हा झाकले. बाहेरचा त्यांना कधी दिसला नाही. दिसला असता, तर त्यांनी तुझ्याशी बोलणं सोडलं नसतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. त्या दिवशी सकाळी तू स्टुलावर चढून कडी लावलीस हे खरं. पण तू ती काढलीही होतीस. तू शेजारी खेळायला गेलीस, आणि त्यानंतर बाळ्या माझ्याकडे आला. परीक्षा दोन दिवसांवर होती. त्याने माझी पेन्सिल ओढली, वहीवर रेघ उठली. मी त्याला दंडाला धरून कोठीत नेलं, एका हाताने दार दाबलं आणि दुसऱ्याने कडी लावली. पाच गणितं होईपर्यंत, असं ठरवलं होतं. तो खरवडत होता, मला ऐकू येत होतं. मग थांबला, आणि मला बरं वाटलं. मी पाचाची अकरा गणितं केली. संध्याकाळी आईने दार उघडलं आणि विचारलं, कडी कुणी लावली? तू सकाळची गोष्ट सांगितलीस, कारण तुला खोटं बोलता येत नव्हतं. मी वहीत बघत राहिले. पुढे आई गेली, बाबा गेले, तुझं लग्न झालं, तुझी लेक मोठी झाली. बोलायची वेळ हजारदा आली आणि हजारदा मी ती जाऊ दिली. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, तो हक्क माझा नाही. लेकीला उद्या सकाळी मी फोन करून हेच सगळं सांगणार आहे, म्हणजे तुला सांगावं लागणार नाही. तुझ्या हातांनी कुणाचंही काही वाईट केलेलं नाही. वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस, शिव्या द्यायलासुद्धा नको, त्याला पुष्कळ वेळ आहे. आधी बॅग भर आणि लेकीकडे जा.

तुझीच, हा शब्द अजून चालणार असेल तर,
ताई