मामांचे पाच खंड आणि संक्रांतीचं वाण

ती. श्यामसुंदरमामांच्या पायांवर पुष्करचं डोकं.

गुडघा आता काय म्हणतो? मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं असेलच. (फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मलाच प्रश्न विचारता, म्हणून पत्र.) इकडे आम्ही खुशाल, म्हणजे तब्येतीने.

नारायण पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही मांजरीच्या दोन खोल्यांत चाललो आहोत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे माणसं मावतील, पुस्तकं मावणार नाहीत. रद्दीत घालायला जीव होईना आणि वाचनालयवाले जुनी पुस्तकं म्हटलं की जेवायला गेलेले असतात. तेवढ्यात संक्रांत आली. तुमच्या भाचेसुनेने, भाग्यश्रीने, हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे न लुटता पुस्तकंच लुटली. प्रत्येकीला तिळगूळ आणि वाण म्हणून एक पुस्तक. मामा, लिहितानाही लाज वाटते. तुमच्या आत्मचरित्राचे पाच खंड पाच बायकांच्या हाती गेले. त्यातला पहिला विजयमालाबाईंनी, आमच्याकडे तरी कुठे जागा आहे, असं म्हणून जागच्या जागी परत केला.

तो खोक्यात टाकताना सहज उघडला. सहज म्हणजे प्रथमच. (दर दिवाळीला तुम्ही विचारायचा, कुठवर आलास, आणि मी म्हणायचो, चवीने वाचतोय.) मग फरशीवर बसून वाचतच राहिलो. शेवटच्या पानावर तुम्ही आजोबांशी भांडून घर सोडता आणि माझी आई, तेव्हा परकरी पोर, एसटीमागे धावत येते. तिथे खंड संपतो. आई याबद्दल कधी बोलली नाही आणि आता विचारायला ती नाही.

दिलेलं वाण परत मागायचं नसतं. तरी 'जरा बघायला' मिळेल का, असं विचारायला जिना चढून वर गेलो. दुसरा खंड तिसऱ्या मजल्यावरच्या सितारावहिनींकडे. (अमीनभाईंच्या पत्नी. आमच्या हळदीकुंकवाला दरवर्षी येतात.) त्या तोच वाचत होत्या आणि हातातून सोडायला तयार नव्हत्या. उलट मलाच विचारलं, यातला पुष्कर म्हणजे तुम्हीच का? मी म्हटलं, असेन. तेव्हा त्यांनी त्या खंडाची प्रस्तावना काढून मला उभ्याउभ्या वाचून दाखवली. 'हे कुणी नाही वाचलं तरी माझा पुष्कर वाचेल, या भरवशावर लिहीत बसलो आहे.' मी खाली आलो तेव्हा चपला त्यांच्याच दारात राहिल्या होत्या. त्या आणायला अजून गेलेलो नाही.

मामींना नमस्कार. रागवा, पण बोलणं सोडू नका.

तुमचा भाचा,
पुष्कर

ता. क. वास्तुशांतीला तुम्ही येणार आणि आल्याआल्या कपाटापाशी जाणार. तेव्हा येताना नवा संच आणाल का? निदान दुसरा खंड. तेही नको असेल तर आई एसटीत चढली की स्टँडवरच राहिली, एवढं तरी कळवा.

ता. क. २ भाग्यश्रीने पत्र वाचलं. पुस्तकं लुटायची कल्पना आपली, हे तिला मान्य आहे. पण 'मामांच्या खंडांपासून सुरुवात कर, जाड आहेत, जागा लवकर मोकळी होईल' असं कोण म्हणालं, तेही लिहा म्हणते. मी म्हणालो.