गट क्रमांक ११८ चे घरबेणे

लिहून ठेवणार: दत्तात्रेय रघुनाथ मुळ्ये, वय ७६, निवृत्त शिक्षक, जन्माने मौजे कोंडझर, तालुका संगमेश्वर येथील, नागरिकत्वाने ऑस्ट्रेलियन, सध्या राहणार माळनाका, रत्नागिरी.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. एका बाईने मला चार वाक्ये सुनावली, पण कायद्यात त्याला दाब म्हणत नाहीत, असे वकीलबाई सांगतात. ॲडलेडच्या घराची व्यवस्था तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळी केली आहे. भारतात माझे जे काही आहे, त्याची माझ्या मागे अशी वाटणी व्हावी:

कलम १. माळनाक्याचा फ्लॅट माझी मुलगी स्वानंदी हिला. तिने तो ठेवावा किंवा विकावा. भाड्याने दिल्यास भाडेकरूला "घर तुमचंच समजा" असे मात्र कधी म्हणू नये. कारण कलम ४ मध्ये कळेल.

कलम २. माझी सुमारे अकराशे पुस्तके देवरूखच्या वाचनालयाला. समासांत जागोजागी मी पेन्सिलीने "साफ खोटे!" असे लिहिले आहे. ते पुसू नये. वाचणाऱ्याला पटले नाही तर त्याने खाली लिहून माझ्याशी भांडावे. सभांसाठी घेतलेला ध्वनिक्षेपक तिथल्या शाळेला. मला त्याची फारशी गरज पडली नाही, त्यामुळे तो नव्यासारखा आहे.

कलम ३. ऑस्ट्रेलियातल्या समाजावर आणि राजकारणावर मी रत्नागिरीच्या एका दैनिकात अठरा वर्षे सदर लिहिले. त्याची २१२ कात्रणे कपाटात आहेत. त्यांचे पुस्तक करू नये. स्वानंदीला कोणी गळ घातली तर तिने हे कलम दाखवावे. त्या दैनिकाच्या संपादकांनी चार वेळा माझी शेवटची ओळ कापली, म्हणून मी त्यांच्याशी सहा वर्षे बोललो नाही. ती कात्रणे परवा पुन्हा वाचली. चारही वेळा त्यांचेच बरोबर होते. माझा टेबलावरचा दिवा त्यांना द्यावा.

कलम ४. मौजे कोंडझर येथील गट क्र. ११८, क्षेत्र बावीस गुंठे, वाटपात माझ्याकडे आलेला. ही मिळकत मी या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही. का देत नाही ते सविस्तर लिहितो.

या गटात गोताडांचे घर आहे. भागोजी गोताड याचा आजा तिथे राहिला, बाप राहिला, तोही राहिला. आम्ही त्या गावचे खोत. कूळकायद्यात भातशेती कसणाऱ्यांच्या नावावर झाली. घराखालची जमीन, जिला आमच्याकडे घरबेणे म्हणतात, ती आमच्याच सातबाऱ्यावर राहिली. अशी घरे कोकणात किती आहेत हे मला तोंडपाठ होते, कारण पंचविशीपासून मी त्यावर भाषणे देत होतो. देवरूखच्या व्याख्यानमालेत मंडणगडपर्यंतच्या वाड्यांचे दाखले देत मी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा मागच्या रांगेत भागोजी बसलेला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या. मी त्याला पाहिले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तेव्हा जमीन वडिलांच्या नावावर आहे, ही पळवाट मला होती. १९९४ साली ते वारले आणि ती बुजली.

त्याआधीच, १९९१ साली, मी गणित शिकवायला ॲडलेडला गेलो होतो. दर दोन-तीन वर्षांनी गावी येई. भागोजी नारळ घेऊन वरच्या त्या घरातून खाली येई, आमच्या पायरीवर बसे आणि निघताना म्हणे, "भाऊ, तेवडा कागदाचा बगा कदीतरी." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवी. "अरे, घर तुझंच आहे. माझं नुसतं नाव." हे वाक्य तो वाडीत सगळ्यांना सांगे. मलाही ते बोलायला आवडे.

माझ्या दत्तक देशात सभा सुरू होण्याआधी एक वाक्य म्हणायची रीत आहे: ही जमीन मुळात ज्या लोकांची, त्यांना आम्ही वंदन करतो. शाळेत म्हणतात, नगरपालिकेत म्हणतात, मैदानावरही म्हणतात. मराठी मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मी गणेशोत्सवात तेरा वर्षे ते म्हटले आणि लगेच आरतीकडे वळलो. सदरात मात्र त्याची टर उडवली. "वंदन करतात, जमीन देत नाहीत. शब्दांवर भागवणारा असा समाज मी कुठे पाहिला नाही." हे माझे छापून आलेले वाक्य आहे. ते खोटे आहे. असा समाज मी कोंडझरात, आमच्याच पायरीवर पाहिला होता.

२०१८ साली घरकुल योजनेच्या यादीत भागोजीचे नाव लागले. जागामालकाचे संमतीपत्र हवे होते. त्याचा फोन आला. "भाऊ, येक सही पायजे. सायबांनी पंदरा दिवस दिलान." मी म्हटले, पाठवतो. मसुदा केला, छापून घेतला. मग माझा चुलतभाऊ विनीत याचा फोन आला. "दादा, एकदा सही दिलीस की मागोमाग बाग मागतील. तू तिकडे बसून उदार होतोस, इथे निस्तरायचं मी." कागद मी खणात ठेवला. पंधरा दिवस गेले. भागोजीने पुन्हा फोन केला नाही, आणि मला हायसे वाटले. हे हायसे वाटणे मी इथे नोंदवतो, कारण त्याची नोंद दुसरीकडे कुठेच नाही.

२०२१ च्या जुलैत त्या घराची मागची मातीची भिंत बसली. भागोजी तिच्याखाली सापडला. त्याची कंबर मोडली. (या मृत्युपत्राच्या मसुद्यात मी "पाय" लिहिले होते; त्याच्या बायकोने दुरुस्त केले. मला तेवढेही नीट माहीत नव्हते.) सात महिने अंथरुणावर काढून तो गेला. त्याची विधवा काशीबाई उरलेल्या अर्ध्या घरात, पत्रे लावून राहते. मुलगा संदेश मुंबईला असतो. यादीत नाव पुन्हा लागले तरी जमीन नावावर नसल्याने अडते.

२०२३ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. मूळ रहिवाशांना घटनेत स्थान द्यावे का, आणि संसदेपुढे त्यांचे म्हणणे मांडणारे मंडळ असावे का, हा प्रश्न होता. तिथे मतदान सक्तीचे असते. लोक शाळेच्या पटांगणात निमूट रांग लावतात, वाद घालतात तोही हळू आवाजात. त्या देशाची ही सवय मला नेहमीच मोठी वाटली. मतदानाआधी आमच्या उपनगराच्या वाचनालयात "नाही"च्या बाजूने बोलायला मला बोलावले. "नाही" म्हणण्यात पाप नव्हते. माझ्या ओळखीची काही माणसे नीट विचार करून तसे म्हणाली. माझे तसे नव्हते. मी म्हणालो, आजोबांनी जे घेतले त्याचा जाब नातवाला विचारू नका. आज आपण सगळे इथे राहतो, एवढे पुरे. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. तो युक्तिवाद मी त्या देशासाठी तयार केला नव्हता. भागोजीचा फोन बंद झाल्यापासून मी तो स्वतःलाच ऐकवत होतो. चांगला पाठ होता.

आमची शेजारीण तिसऱ्या रांगेत होती. तिथल्या मूळ लोकांपैकी ती, सगळे तिला आंटी डॉट म्हणत. कुंपणावरून तिच्याशी मी अनेकदा गावच्या गप्पा मारल्या होत्या. चहाच्या टेबलाशी ती म्हणाली, "दत्ता, बोलतोस छान. तुझ्या गावी तुझ्या जागेत राहायचा तो माणूस, कसा आहे?"

"गेला तो."

"मग घर आता कोणाचं?"

मी साखर आणायला गेलो. चहात मी साखर घेत नाही.

घरी मला स्वानंदीने गाडीतून आणले. उतरताना म्हणाली, "बाबा, वाईट बोलला असतात तर मला एवढं लागलं नसतं." पुढच्या वर्षी माझी पत्नी हेमा गेली आणि मी कायमचा रत्नागिरीला आलो.

आता मृत्युपत्राचे. गेल्या महिन्यात मसुदा तयार झाला. त्यात याच कलमाने गट ११८ काशीबाईंना दिला होता. कलम मी मन लावून लिहिले होते. इतिहास होता, पश्चात्ताप होता, शेवटी एक चांगले वाक्यही होते. काशीबाईंना बोलावून घेतले आणि वकीलबाईंसमोर मी ते स्वतः मोठ्याने वाचले. त्या रडतील असे मला वाटले होते. त्यांनी पदराने घाम पुसला.

"ह्या कवा व्हनार?"

"मी गेल्यावर," मी म्हटले.

"भाऊ, तुमी तर खुटखुटीत हायसा. अजून धा-पंदरा वर्सां तुमाना काय व्हत नाय. तवर मी काय करू? रोज सकाळी उटून तुमी मेलासा काय ता बगू? देवापुडं हात जोडताना माज्या मनात ता आला तर ता पाप कुनाचा?"

वकीलबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आमच्या ह्यांना तुमी जलमभर सबूद दिलासा. मना कागूद द्या. द्याचा नसंल तर ऱ्हावं दे. मी जातंय, गुरां सोडाची हायत."

पन्नास वर्षे मी सभा गाजवल्या. त्या दिवशी मी माझा मसुदा घडी घालून वकीलबाईंपुढे सरकवला. भागोजीला मी जे तोंडाने देत होतो, तेच मी त्याच्या बायकोला साक्षी-सह्या लावून देत होतो, आणि वर तिला माझ्या मरणाची वाट बघायला बसवत होतो.

म्हणून दिनांक ४ डिसेंबर २०२५ रोजी देवरूखच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गट क्र. ११८ चे बक्षीसपत्र काशीबाईंच्या नावे नोंदवले. संदेश मुंबईहून आला होता. तो आईच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला; ते योग्यच होते. कारकुनाने विचारले, "देणाऱ्याशी तुमचं नातं काय?" मी तोंड उघडले, तेवढ्यात काशीबाई म्हणाल्या, "नातां काय नाय. तसाच ल्हिवा." तसेच लिहिले.

या मिळकतीवर आता माझा हक्क नाही. म्हणून ती या मृत्युपत्रात नाही. माझ्या वारसांनी तिच्याबद्दल कोणतीही हरकत घेऊ नये, आणि बक्षीसपत्राला औदार्य म्हणू नये.

कलम ५. कोंडझरच्या घरातला माझा हिस्सा आणि कलमांची बाग विनीतला. सल्ला त्याचा होता, ऐकला मी. त्याच्यावर राग ठेवून मी जात नाही. बागेतून वर जाणारी पायऱ्यांची पाखाडी मात्र त्याने कधी बंद करू नये. गोताडांचे पाणी त्याच वाटेने येते.

कलम ६. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर कोणी माझ्या वक्तृत्वाबद्दल बोलू नये.

व्यवस्थापक म्हणून ॲड. अक्षया शिवलकर, रत्नागिरी, यांना नेमतो.

मृत्युपत्राचा लाभ ज्याला मिळतो त्याने त्यावर साक्ष करायची नसते. काशीबाई आता या मृत्युपत्राच्या लाभार्थी नाहीत, तेव्हा दुसरी साक्ष त्यांची घ्यावी, असे मी सुचवले. त्यांनी आधी सगळे वाचून घेतले. सही करायला त्यांना वेळ लागला. आम्ही थांबलो.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

(सही) दत्तात्रेय रघुनाथ मुळ्ये

आमच्या समक्ष सही केली:

१. (सही) शुभंकर भाटकर, वय ४१, राहणार माळनाका, रत्नागिरी

२. (सही) काशीबाई भागोजी गोताड, वय ६८, राहणार स्वतःचे घर, गट क्र. ११८, मौजे कोंडझर, तालुका संगमेश्वर