सावलीतले सौरदिवे

सातपूर, नाशिक
मंगळवार, डिसेंबर २००८

तीर्थस्वरूप वाल्मीकदाजींस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सुनीलचा, वाकून नमस्कार. ललिताताईचा गुडघा कसा आहे? वणीचा गड पायी चढू नकोस म्हणून मी तिला बजावलं होतं. पण आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकल्याचा दाखला नाही. तुमचा मांडव-लायटिंगचा धंदा लग्नसराईत जोरात असणारच. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन लागला की तुमच्याऐवजी बँड ऐकू येतो. म्हणून हे पत्र शेजारच्या देवरेंच्या हाती देतोय. ते तुमच्या ओझरला, कारखान्यात पहिल्या पाळीला येतात. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी कॉलेजात इतिहास शिकवतो. (शिकवतो म्हणजे बोलतो. ऐकायला पंखा असतो, तोही वीज असली तर.) तर आमचे प्राचार्य दिवाळीत विमानाने दिल्लीला कुठल्याशा परिषदेला गेले, आणि लोक आग्र्याहून पेठा आणतात तसे हे तिथून 'कार्बन' घेऊन आले. पृथ्वी तापली आहे, ती थंड करायची जबाबदारी आपल्या कॉलेजवर आहे, आणि ती येत्या गुरुवारच्या आत पार पाडायची आहे, कारण गुरुवारी कॉलेजला श्रेणी देणारी तपासणी समिती येणार! विज्ञानवाल्यांनी प्रॅक्टिकलचं कारण सांगून अंग काढून घेतलं. मग प्राचार्यांना साक्षात्कार झाला की कोळसा लाखो वर्षं जुना असतो, सबब कार्बन कपात समितीचा प्रमुख इतिहासवालाच हवा. वर गोड आवाजात दमही दिला, की गुरुवारी काही फसलं तर संस्थेच्या सुरगाण्याच्या शाखेत मोकळी हवा भरपूर आहे. सुरगाण्याला मी नावं ठेवत नाही हो; पण भाग्यश्री यंदा दहावीला, मोहिनीची शाळेतली नोकरी इतक्या वर्षांनी आत्ता कुठे कायम झालेली. मी घरी हे सांगितलं तर आपल्या बायकोने काय म्हणावं? "तुम्ही खुशाल जा, फोन करत जा." दाजी, लेकीची दहावी डोळ्यांसमोर व्हावी एवढीच माझी इच्छा आहे, बाकी पृथ्वीचं पृथ्वी बघून घेईल.

पहिला मान मिळाला वाहनमुक्त दिनाला. झालं काय, की समस्त प्राध्यापकांनी आपापल्या गाड्या कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाच्या आवारात लावल्या आणि तिथून फाटकापर्यंत घाम पुसत चालत आले, जणू त्र्यंबकहून निघाले होते. (त्या दिवशी तिथे खरंच लग्न होतं. आमचे दोन प्राध्यापक जेवूनच आले.) प्राचार्यांनी कमालच केली. ते म्हणाले, मी बैलगाडीतून येणार. आता सातपूरच्या कारखान्यांत बैलगाडी कुठून आणायची? मग गिरणाऱ्याहून आणली. कशातून? ट्रकमधून! बैल एका ट्रकात, गाडी दुसऱ्यात, आणि बैलांचा मालक गोरक्ष मोटरसायकलवर पुढे रस्ता दाखवायला. फाटकाबाहेर ती जोडली, प्राचार्य फेटा बांधून चढले, वार्ताहराने कॅमेरा रोखला, आणि डाव्या बैलाने आदल्या दिवशी लावलेल्या कडुनिंबाच्या रोपांची रांग शांतपणे खायला घेतली. मी "अहो, आवरा!" म्हणून ओरडलो, तर गोरक्ष मलाच म्हणतो, "सर, सकाळपासून उपाशी हे जनावर. ट्रकात चारा टाकायचा तर तुम्ही म्हणले कचरा होतो." पेपरात फोटो छान आला. खाली लिहिलं होतं, 'निसर्गाशी एकरूप'.

मग धाड पडली ती कँटीनवर. कुसाबाईच्या चुलीचा धूर वातावरणाला बाधक ठरला आणि चूल बंद करण्यात आली. आता चहा नाक्यावरून येतो, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, प्लॅस्टिकच्या पेल्यांसकट, आणि तो आणायला शिपाई स्कूटरवरून दिवसभर येरझाऱ्या घालतो. कुसाबाई गप्प बसणाऱ्यातली नाही. ती थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरली आणि म्हणाली, "माझ्या चुलीनं जग तापतंय व्हय? आणि तुमच्या केबिनीतली ती थंड पेटी काय पाऊस पाडती का?" प्राचार्यांनी तिला जागतिक परिस्थिती समजावली. तिने त्यांना स्वतःची समजावली. शेवटी तिने फाटकाबाहेर हातगाडी लावली, आणि आता सगळं कॉलेज तिथेच उभं असतं. माझा तास धरून.

पण हे सगळं किरकोळ. माझ्या मानेवर बसलंय ते सौरदिव्यांचं भूत. फाटकापासून ऑफिसपर्यंत दुतर्फा दिवे लावले. कंत्राट संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या जावईबापूंना. (दुसरं कुणाला मिळणार होतं?) आता त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुनी शिरीषाची झाडं आहेत, इतकी दाट, की भर वैशाखात तिथे शाल घ्यावी लागते. नेमकी त्यांच्याखाली जावईबापूंनी सूर्यावर चालणारे दिवे रोवले! उद्घाटनाला अण्णासाहेबांनी बटण दाबलं. अंधार. पुन्हा दाबलं. पुन्हा अंधार. टाळ्या मात्र वाजल्या, कारण टाळ्यांची तालीम झालेली होती. जावईबापू म्हणाले, दोष दिव्यांचा नाही, झाडांचा आहे. प्राचार्यांनी लगेच मला झाडं उतरवायला सांगितली. मी म्हटलं, "सर, पर्यावरणासाठी झाडं तोडायची?" तर म्हणाले, "तोडायची नाहीत हो, त्यांचं व्यवस्थापन करायचं." पण ते व्यवस्थापनही जमेना, कारण तपासणी समितीला पाठवलेल्या अहवालात तीच झाडं आम्ही अभिमानाने दाखवली आहेत. म्हणजे गुरुवारी झाडंही हवीत आणि दिवेही. दिव्यावरची ऊन खाणारी पट्टी काढून उन्हात न्यावी, तर जावईबापूंनी पट्टीचं आणि दिव्याचं लग्न एकाच खांबावर लावलंय, तेही सिमेंटात.

असले हे शिकलेले गाढव, दाजी! सगळ्या जगाला फसवणूक शिकवणारी माणसं ही. यांच्या नादी कोण लागेल? मी तर ठरवलंय, की खोट्याच्या वाटेला जायचं नाही. गुरुवारी समितीपुढे ताठ मानेने उभं राहायचं आणि जे आहे ते सांगून टाकायचं. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
सुनील

ता. क. – दाजी, लग्नात वापरता तो तुमचा मोठा डिझेल जनरेटर गुरुवारी संध्याकाळी मोकळा आहे का? दिवे लाइनीवर जोडले असते, पण नेमकं त्याच वेळी भारनियमन आहे. मुलींच्या वसतिगृहामागे जनरेटर ठेवून जमिनीखालून वायर आणली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. वायर हिरवी आणा.

ता. क. दुसरा – त्याचा आवाज फार होतो हे आत्ता आठवलं. तेव्हा बरोबर संबळवालेही घेऊन या. समितीचं पारंपरिक स्वागत आहे असं सांगेन. समिती परिसरात असेपर्यंत त्यांनी थांबायचं नाही, हात दुखले तरी. धूर कुणी विचारलाच तर कुसाबाईच्या माथी मारू. ती माझ्यावर तशीही चिडलेलीच आहे.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवणार एवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. भलतेच खुशीत होते. म्हणाले, दिवे लागल्याचं समितीने पाहिलं की अण्णासाहेब सुरगाण्याच्या शाखेलाही असंच हिरवं करणार आहेत, आणि ते काम माझ्याइतकं कुणाला जमणार नाही, म्हणून बढती देऊन मलाच तिकडे पाठवणार आहेत. न लागल्यास काय ते आधीच ठरलेलं आहे. तेव्हा दाजी, जनरेटर राहू द्या, संबळवाल्यांनाही त्रास नको. टेम्पो तेवढा रिकामा पाठवा. भाग्यश्री मघापासून दाराशी उभी राहून विचारतेय, की पप्पा, परीक्षेच्या दिवशी तरी येणार ना? मोहिनीने माझ्या पँटी घडी करून बॅगेत ठेवायला घेतल्या आहेत.