बिबड्यांत दडवलेली दोन पानं

मास्तर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मला नेमकं सांगता यायचं नाही. असोद्याहून, माहेरून, निरोप आला तेव्हा माझा धाकटा रांगत होता, आता त्याला मिशा आल्यात. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. आज सकाळपासून मात्र मला एका जागी बसवत नाही. चुलीपाशी गेले तर दूध उतू घालवलं, ओट्यावर बसले तर उठले, खाटेवर पडले तर खाट टोचायला लागली. सून म्हणाली, "आत्याबाई, आज तुमना आंगमा काय शिरनं?" मी म्हटलं, "तुना सासरा नाही शिरना, येवढं नक्की." ती पदर तोंडाशी धरून आत पळाली. परवा शाळा उघडते. ही वही नातीची, पेन्सिल नातीची. वाकडं अक्षर तेवढं माझं.

तुमच्या हाताखालून गावची सगळी पोरं गेली, तुम्हाला काही आठवत नसेल. मला आठवतं. आखाजीचा सण होऊन गेला आहे, माहेरी आलेल्या लेकी परत गेल्या आहेत, पण आमच्या अंगणातल्या निंबावरचा झोका अजून कोणी सोडलेला नाही. शाळा उघडायला आठ दिवस उरले की तुम्ही रोज सकाळी आमच्या अंगणात यायचा, कारण आळीतलं मोठं अंगण आमचं. सुट्टीत पोरांची अक्षरं झोपतात, ती शाळेआधी जागी करायची, असं तुमचं म्हणणं. माय म्हणायची, मास्तरला आमरस आवडतो, बाकी काही नाही. दोन्ही खरं असेल. तुम्ही तीन वाट्या प्यायचा अन् चौथीला नको नको म्हणत वाटी पुढे करायचा.

माय चुलीवर ज्वारीच्या पिठाचा घाटा ढवळते आहे, काकू धोतर अंथरलेल्या खाटांवर पापडासारखे बिबडे थापते आहे, आम्ही पोरी काठ्या घेऊन कावळे हाकतो आहोत, अन् ओल्या बिबड्यावर तेल अन् शेंगदाणे घेऊन खातोही आहोत. तुम्ही मध्ये बाजेवर पुस्तक उघडून. नुसतं वाचलं असतं तर कोण बसलं असतं? तुम्ही सगळ्यांना कामाला लावलंत. गोष्टीतल्या राजाचं बोलणं आबांना दिलं. माझे आबा, जे वर्षातून दोनदा हसायचे तेही बैल विकत घेताना, ते डोक्यावर उपरणं गुंडाळून "कोन हाय तिकडं!" असं ओरडायचे. गाढवाचं ओरडणं जिभाऊला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. कुंभारीण झाली काकू, अन् घाट्याने माखलेले हात हलवत ती अशी भांडायची की काका ओट्यावरून म्हणायचे, "मास्तर, इले हे शिकवू नका, इले येतं."

गोष्ट साधी होती. कुंभाराचं गाढव हरवतं, त्याची बायको ते शोधत राजाच्या गावी जाते, अन् राणीचा हार तिच्या पदरात सापडतो. दरबारात राजा विचारतो, "खरं बोल, हार तू घेतलास का?" इथे तुम्ही पुस्तक मिटायचा. शेवट शाळा उघडेल त्या दिवशी, शाळेत. दर साली असंच. ज्याला शेवट पाहिजे त्याने पाटी घेऊन यावं. तुमची ही लबाडी साऱ्या गावाला ठाऊक होती, तरी पोरं धावत यायची.

त्या साली आबांनी माझं धुळ्याला ठरवलं होतं. दुसरी झाली होती, पुरे झालं म्हणाले. तुम्ही रसाची वाटी खाली ठेवून म्हणालात, "आबा, एक वर्ष द्या. पोरीला वाचता येतं." आबा म्हणाले, "येतं त वाचू दे माह्यापुढे. मी त कधी आयकलं नाई." ते खोटं नव्हतं. चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आज हे कोणाला सांगितलं तर हसतील, पण चिकटायची. तुम्ही म्हणालात, "यंदाचा शेवट शाळेत हीच वाचेल. या ऐकायला." आबा उठता उठता म्हणाले, "आयकीन. वाचलं त एक वरीस तुमचं. नाई त मंग सासर तिचं."

माझं सगळं त्या दोन पानांवर येऊन बसलं, अन् पानं तुमच्या पिशवीत. तुम्ही हात धुवायला रहाटाकडे गेलात तेव्हा मी ती फाडली. चोरी म्हणून नाही. आधी घोकून ठेवावं, म्हणजे जीभ अडली तरी तोंडपाठ म्हणता येईल, एवढंच डोकं चाललं. पुस्तकात पानं नसली तर समोर धरून वाचणार काय, हे काही त्या डोक्यात आलं नाही. घराच्या छतावर, धाब्यावर गेले, वाळायला वर चढवलेल्या खाटेच्या सावलीत बसले, बोट ठेवून वाचलं. तीनदा. तेवढ्यात माय अर्धे सुकलेले बिबडे गोळा करायला वर आली. पानं कुठे ठेवू? टोपलीतल्या दोन बिबड्यांमध्ये सरकवली. मायने त्यावर आणखी चळत लावली, वाकडे होऊ नयेत म्हणून वर पाटा ठेवला, अन् ती टोपली माझ्या रुखवताची म्हणून बाजूला काढली. त्या टोपलीला मग मला हात लावू दिला नाही.

शाळा उघडली. आबा दाराशी उभे आहेत, हातात बैल हाकायची पराणी तशीच. तुम्ही पुस्तक उघडलंत, पान उलटलंत, परत मागे आलात. मग माझ्याकडे पाहिलंत. आबा म्हणाले, "कोनी फाडलं?" तुम्ही माझ्याकडेच वळलात. मला म्हणालात, "पोरी, कुंभारीण पुढे काय म्हणते, तुला सांगता येईल का?" आवाज असा की जणू पाणी मागताय. मी पराणीकडे पाहिलं अन् म्हटलं, "मले काय माहीत? मले वाचता येत नाई." आबा म्हणाले, "झालं?" तुम्ही पुस्तक मिटलंत. रागावलात तेही एवढंच, जाताना हळूच: "फाडलं ते फाडलं, पण खोटं कशाला बोललीस?" लग्नात ते बिनशेवटाचं पुस्तक तुम्ही मला पाठवून दिलंत. धुळ्याला आल्यावर मी बिबडे भिजवून पानं सोडवली. कडा गेल्या, ज्वारीचा पापुद्रा अजून चिकटून आहे, पण अक्षर न् अक्षर लागतं. पेटीत तळाच्या कापडाखाली ठेवली, पुस्तक वर. इथे कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, अन् कागद पुढे आला की अंगठा पुढे केला. अडतीस वर्षं.

आता आजचं. नातीने पेटी उपसून पुस्तक काढलं. पाच दिवस झाले, बिबडे थापताना ती आम्हाला वाचून दाखवते. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला, राजा झाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आपणच झाला. पोरीची चौथी झाली, आता घरी बसवू म्हणतो. आज सकाळी ती त्या जागेला आली. "खरं बोल, हार तू घेतलास का?" पुढे पानंच नाहीत. घाट्यातले हात थांबले. "आजीमाय, पुढे काय व्हयनं?" अन् माझ्या तोंडातून निघालं, "माले काय माहीत? माले कोठे वाचता येस?" बोली बदलली मास्तर, खोटं तेच. थोरला हसला. म्हणाला, "मायनं जलमभर अंगठा लावा, तिनं काय अडनं? बठ्ठं सारं घर चालाडं. हाई वाचीसन काय करी?" पोरीने पुस्तक मिटलं. तुम्ही मिटलं होतं तसंच, हळू. तेव्हापासून मला बसवत नाही.

मी सगळ्यांना सांगत आले की मास्तरनं माझी शाळा घालवली, आबांपुढे एक शब्द बोलला नाही. सासूला सांगितलं, जावांना सांगितलं, नवऱ्याला तर फार वेळा. तुम्ही तर माझी चोरी पदरात झाकून मला वाट काढून दिली होती. कुंभारीण काय म्हणते ते मला पाठ होतं. "हो महाराज, घेतला. गाढवाच्या गळ्यात लोंबत होता. तुमच्या गळ्यातला नाही घेतला." दरबार हसतो, राजा हसतो, तिला गाढव मिळतं. हे मी तीनदा वाचलं होतं, अन् तरी. गोष्टीतल्या बाईला काय जातं म्हणा, तिच्या दाराशी पराणी घेऊन कोणी उभं नव्हतं.

पानं इथे मांडीवर आहेत. थोरला दुपारच्या भाकरीला येईल, पाटावर बसेल, मग मी ती काढणार अन् सगळ्यांपुढे वाचणार. मग विचारीन त्याला, अंगठ्याने काय अडलं ते. आत्ताच जीभ कोरडी पडली आहे, दोनदा पाणी प्याले.

मला वाचता येत होतं, मास्तर. माफीबिफी मी मागत नाही, तुम्हीही तीन तीन वाट्या रस प्यायलात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते ठाऊक आहे. फाडणारही नाही. फाडून एकदा पाहिलंय.